मानकऱ्यांच्या रांगेत शामराव

आमचे हे रागावले की ओरडत नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. मी अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत वाढलेली, पाण्याच्या नळावर भांडून मोठी झालेली. चार ऐकवले असते, चार ऐकून घेतले असते आणि संध्याकाळच्या चहापर्यंत सगळं मिटलं असतं. पण शामरावांचा राग म्हणजे तोंडाला कुलूप. माझ्याशी अबोला धरला तर त्यावर माझ्याकडे औषध आहे, मी आमटीत मीठ घालायचं विसरते. दुसऱ्या घासाला बोलतात. पोटच्या पोरीच्या बाबतीत मात्र हे औषध चालेना. एप्रिलात भीमजयंतीनंतर धरलेला अबोला दिवाळी उलटली तरी तसाच. एका खोलीत राहून, बरं का. मधे एक कपाट आणि मी.

पोरगी म्हणजे संघमित्रा, घरात मितू. परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे, दिवसभर लोकांचं रक्त तपासते. स्वतःच्या रक्तात काय आहे ते मला विचारा. हट्टात बापाच्या वर.

आणि शामराव कोण ते घोडपदेवला कुणालाही विचारा. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, रिटायर झाले, पण त्या नोकरीवरून त्यांना कुणी ओळखत नाही. ढोलकीवाले शामराव म्हणून ओळखतात. आमच्या गल्लीच्या गायन पार्टीत त्यांनी चाळीस वर्षं ढोलकी वाजवली. जयंतीचं स्टेज असो, शिवाजी पार्कचा मंडप असो, कुणाचं लग्न असो, भीमगीतांना ढोलकी ह्यांचीच. आणि स्टेजवर चढायचं तर अंगात कोट पाहिजे. एप्रिलचा उकाडा, वर हॅलोजन, घामाच्या धारा लागल्यात, पण कोट काढणार नाहीत. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा म्हटलं, "अहो, ढोलकीवर थाप मारायला कोट कशाला? हात तरी मोकळे राहतात का?" तर म्हणाले, "बाबासाहेब कोट घालून उभे राहिले म्हणून आपण आज खुर्चीवर बसतो, राधा." तेव्हापासून कोटाला इस्त्री मीच करते.

तर झालं असं. जयंतीनंतरचा रविवार होता. संध्याकाळी शेजारची कमल बोंबलत आली, "अगं राधा, गच्चीवर आग लागली! जळका वास येतोय!" हे बादली भरून धावत वर गेले. मागून मी. बघतो तर मितू आणि तिच्या तीन मैत्रिणी घमेल्यात पेपर जाळून बसलेल्या, आणि त्या जाळावर मितू हलगी शेकत होती.

हलगी म्हणजे कड्यावर ताणलेलं चामडं. गळ्यात अडकवायची आणि दोन काड्यांनी वाजवायची. चामडं सैल पडलं की आवाज बसतो, मग जाळावर धरून तापवतात, म्हणजे ती कडाडते. एवढंच ते वाद्य. पण ह्यांनी ते पोरीच्या हातात बघितलं आणि जिथल्या तिथे उभे राहिले. भरलेली बादली घेऊन तसेच खाली उतरले. जिन्यात पाणी सांडलं, त्यावरून कमल घसरली आणि तिची कंबर महिनाभर धरली होती, तो वेगळाच ताप.

ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, ढोलकी चालते आणि हलगी चालत नाही, म्हणजे माणूस विक्षिप्त दिसतोय. तसं नाही. माझे सासरे, कुशाबा, साताऱ्याकडच्या गावात हलगी वाजवायचे. हौस म्हणून नाही, गावकीचं काम म्हणून. पाटलाच्या घरचं लग्न, देवाची पालखी, कुणाची मयत, काहीही असो, हलगी पुढे आणि मानकरी मागे. पुढे चालायला मिळायचं म्हणजे मान होता असं समजू नका. कोण येतंय ते वाजवून सांगायचं, रस्ता मोकळा करायचा, आणि पालखी देवळाशी पोचली की वाजवणाऱ्याने बाहेर थांबायचं. मान मागून चालणाऱ्यांचा. कार्य उरकलं की उरलंसुरलं अन्न वरून पदरात टाकायचे.

छप्पन साली धम्मदीक्षा झाली आणि मामंजींनी हलगी सोडली. सोडली म्हणजे कोपऱ्यात ठेवली नाही. चामडं काढून पुरलं, लाकडाचं कडं चुलीत घातलं आणि त्या जाळावर अंघोळीचं पाणी तापवलं. त्या पाण्याने अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले आणि पाटलाच्या ओट्यासमोर जाऊन सांगून आले, उद्यापासून दुसरा माणूस बघा. मग काय, वाण्याने मीठ द्यायचं बंद केलं, शेतावर कुणी कामाला बोलवेना. बायको आणि कडेवरचं पोर घेऊन मामंजी मुंबईला आले, गिरणीत लागले, घोडपदेवला खोली घेतली. ते कडेवरचं पोर म्हणजे आमचे हे.

ही गोष्ट मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकली. मितूने तर पाळण्यातच ऐकली असेल. आमच्या घराला ना शेती, ना दागिना. ताठ मानेने सांगावं असं जे काही आहे ते हेच, आणि त्याच घरातल्या पोरीच्या हातात हलगी.

मितू खाली आली तेव्हा हे खुर्चीवर बसले होते.

"पप्पा, मी कुणाच्या वरातीत नाही वाजवत," ती म्हणाली. "आमचा मुलींचा ग्रुप आहे. मला तो आवाज आवडतो. ढोलकी घेतली की तुम्ही कसं सगळं विसरता, तसं होतं मला."

"आवाज आवडतो," हे म्हणाले. "आबांनी तो आवाज बंद केला म्हणून तू आज लॅबमध्ये बसतेस."

"आबांनी गुलामी सोडली. चामड्याने काय घोडं मारलं होतं?"

ह्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "राधा, हिला सांग, ते या घरात येणार नाही." झालं. त्या दिवसापासून सगळं 'हिला सांग'.

पुढचे कित्येक महिने मी घरातलं पोस्ट ऑफिस होते. "राधा, तिला सांग, गॅसवर दूध उतू जातंय." ती गॅससमोरच उभी! "मम्मी, त्यांना सांग, दिसतंय मला." एकदा मी वैतागून दोघांना म्हटलं, एक दिवस मी माहेरी जाते, बघू भिंतीशी बोलता की एकमेकांशी. गेले. संध्याकाळी परत आले तर दोघांनी दिवसभर टीव्ही लावून ठेवलेला, आणि रिमोटसुद्धा एकाने टेबलावर ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा. हसावं की रडावं? हलगी तिने मैत्रिणीकडे, वैशालीकडे, ठेवली होती. ह्यांची अट तिने मोडली नाही, पण वाजवायचंही सोडलं नाही.

मी कुणाच्या बाजूची होते? दोघांच्या, हाच तर माझा त्रास. हे बोलायचे ते मला पटायचं आणि ती बोलायची तेही पटायचं. एकदा भाजी निवडताना मी ह्यांना म्हटलं, "अहो, सासूबाई जात्यावर देवीच्या ओव्या म्हणायच्या. दीक्षेनंतर त्यांनी देवी सोडली आणि त्याच चालीवर बाबासाहेबांच्या ओव्या केल्या. चाल नाही टाकली. शब्द टाकले. मग हलगीचं तसं का नाही होत?"

ह्यांनी मेथीची आणखी एक काडी खुडली. मग म्हणाले, "जातं आपलं होतं, राधा. हलगी गावाची होती."

मी निवडलेली भाजी उचलून मोरीत धुवायला नेली.

नोव्हेंबरात मितू पेढे घेऊन आली. लोअर परळला एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात जगभरच्या लोकसंगीताचा महोत्सव भरणार होता. आफ्रिकेतले गाणारे, मंगोलियाचे गळ्यातून दोन-दोन सूर काढणारे, आपले डहाणूकडचे तारपा वाजवणारे, आणि त्यांच्यात आमच्या पोरींची हलगी. पहिल्याच संध्याकाळी. तिचा चेहरा असा फुलला होता की मी पेढा तोंडात टाकायच्या आधी तिच्या गालावरून हात फिरवला. ह्यांनी पेढा घेतला नाही. "राधा, तिला विचार, आबांची महारकी आता परदेशी पाहुण्यांना दाखवणार का?"

मला त्यांचा इतका राग आला! मितू गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढायला लागली. ओले होते ते. मी बघितलं, तिचे खांदे हलत होते. त्या रात्री मी जेवायला वाढलं नाही, दोघांनाही, आणि मीही जेवले नाही.

जानेवारीत एक पाहुणी आली. मारेत तिचं नाव. नॉर्वेच्या पार उत्तरेला, बर्फात रेनडियर पाळणारे सामी म्हणून लोक आहेत, त्यांच्यातली. ती आणि आमच्या पोरी मिळून एक गाणं बसवत होत्या, आणि तिला मितूचं घर बघायचं होतं. मला टेन्शन, हिला खायला काय घालू? मितू म्हणाली, त्यांच्याकडे मासे खातात. मी बोंबील तळले. अर्धी चाळ दारात, पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळलेली. हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार. घरी आलेल्या माणसाशी मात्र हे कधी वाकडे वागायचे नाहीत. बाई आत आली, हात जोडून म्हणाली, "जय भीम." ह्यांचा चेहरा असा उजळला!

पण बोलणार कसे? ह्यांचं इंग्रजी कारखान्यातल्या स्पॅनर-बोल्टपुरतं, आणि इंग्रजी बोलणारी एकच, तिच्याशी अबोला. मग काय, हे माझ्याकडे बघून म्हणायचे, "राधा, तिला सांग, बाईंना विचार प्रवास कसा झाला." मी मितूला, "विचार गं." मितू बाईला. उत्तर त्याच वाटेने उलटं. मितू शेजारी बसून मराठीत सांगतेय, ते ह्यांना ऐकू येतंय, तरी हे माझ्याकडे बघतायत, मी ते पुन्हा सांगावं म्हणून! बिचाऱ्या मारेतबाईला वाटलं, आमच्यात पुरुषाने बायकोमार्फतच बोलायची रीत आहे. ती प्रत्येक वेळी मान वळवून आदराने माझ्याकडे बघायची. मी मनात म्हटलं, असू दे, निदान कुणीतरी मला विचारतंय.

बोंबील संपले तसं तिने पिशवीतून आपलं वाद्य काढलं. लहानसं, अंड्यासारखं लांबट, वरच्या ताणलेल्या चामड्यावर तांबूस रंगाची चित्रं. ती सांगायला लागली. पूर्वी त्यांच्या घराघरात हे असायचं. मग धर्मगुरू आणि राजाची माणसं आली, हे सैतानाचं म्हणाली, आणि घरात शिरून सगळी वाद्यं उचलून नेली. पुष्कळशी जाळली. ज्याच्याकडे सापडेल त्याला शिक्षा. थोडी उरली ती आता परक्या शहरांत काचेच्या कपाटात आहेत. तिच्या आजीने हे वाद्य कधी हातात धरलं नव्हतं. भीती एवढी की नावसुद्धा घ्यायची नाही. हे तिच्या चुलतभावाने नवीन बनवलं.

हे खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. "तिला विचार," ते म्हणाले, "तुमचे लोक हे कुणासाठी वाजवायचे?"

आमच्यासाठीच, बाई म्हणाली. कुणी आजारी असलं, जनावर हरवलं, कुठल्या वाटेने जायचं कळेना झालं, की वाजवायचं.

"हां," हे म्हणाले. "मग फरक आहे. तिला नीट सांग. तुमचं वाद्य तुमच्यापासून हिसकावून नेलं. आमचं आमच्या गळ्यात बांधलं होतं. तुम्ही परत घेतलंत, बरोबर केलंत. माझ्या बापाने टाकलं, त्यानेही बरोबर केलं." आणि त्यांनी कडं जाळून पाणी तापवल्याची गोष्ट सांगितली. मितूने ती सगळी इंग्रजीत सांगितली. तिने काही गाळलं नाही. मला कळत होतं, कारण अंघोळीच्या पाण्याशी आल्यावर तिने हातांनी तांब्या ओतून दाखवला.

मारेतबाईने आपलं वाद्य मांडीवर आडवं ठेवलं. मग तिने हळू आवाजात काहीतरी विचारलं. मितू माझ्याकडे वळेना. खाली बघत राहिली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"त्या विचारतायत," मितू म्हणाली, आणि माझ्याऐवजी सरळ बापाकडे बघितलं, "तुमची मुलगी कुणासाठी वाजवते?"

हे खुर्चीत मागे सरकले. मग म्हणाले, "राधा, चहा ठेव." माझा जीव तुटला. एवढं दारापर्यंत आलं होतं आणि माणूस चहावर गेला!

महोत्सवाचा मेसेज आला, त्यात घरच्यांना बोलावणं होतं, आणि खाली लिहिलं होतं, पारंपरिक पोशाखात यावे. मी मोठ्याने वाचलं आणि जाहीर करून टाकलं की मी जाणार, ज्याला यायचं त्याने यावं. त्या दिवशी दुपारी मी साडी नेसून बाहेर आले तर हे आरशासमोर कोट चढवत होते. कुठे निघालात विचारावंसं वाटलं, पण विचारलं असतं तर पुन्हा घट्ट होऊन बसले असते. म्हणून नुसतं चिडवलं, "अहो, पारंपरिक पोशाख म्हटलंय."

"मग?" हे म्हणाले. "मुंबईत आल्यावर आबांनी पहिला फोटो काढला तो कोटात. माझं लग्न कोटात. आणखी किती जुनी परंपरा पाहिजे?"

गिरणीच्या गेटवर ही गर्दी. धोतरं, फेटे, नऊवाऱ्या, नाकात नथी, सगळे नटूनथटून. त्यात कोटवाले हेच. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी धावत आली, "सर, गेस्ट ना? इकडे, इकडे!" आणि ह्यांच्या खिशाला गुलाब लावून तिने त्यांना एका रांगेत नेऊन उभं केलं. मला म्हणाली, मॅडम तुम्ही बाजूने जा. ह्यांना वाटलं वाजवणाऱ्यांच्या घरच्यांना असंच उभं करतात. रांगेत सगळी मोठी माणसं, रेशमी कुर्ते, दोन-तीन गोरे साहेब, मागे मारेतबाई. मधोमध आमचे शामराव, हात मागे बांधून, एकदम ऐटीत. मला हसू आवरेना. म्हटलं, राहू दे, कौतुक होतंय तर होऊ दे.

मग माइकवर उन्मेष म्हणून जो मुख्य आयोजक होता तो बोलायला लागला. चांगला मुलगा, पोरींशी नेहमी आदराने वागायचा. तो म्हणाला, आपल्या गावाकडे जशी मिरवणूक निघते तसं आज आपण हलगीच्या गजरात आपल्या मानाच्या पाहुण्यांना स्टेजपर्यंत घेऊन जाणार आहोत.

माझं हसू जागच्या जागी थिजलं. रांगेच्या पुढे चार पोरी पाठमोऱ्या उभ्या होत्या, गळ्यात हलग्या. मितू सगळ्यात पुढे. तिला गेटपासून वाजवत यायचं एवढंच सांगितलं होतं. मागे कोण असेल ते कुणी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. मैत्रिणींना खूण करायला ती वळली, आणि तिने रांग बघितली. रांगेतला बाप बघितला. तिचा काडीचा हात वरच राहिला.

हलगी पुढे आणि मानकरी मागे. मामंजी ज्यांच्या पुढे वाजवत चालले त्यांच्या जागेवर आज त्यांचा मुलगा उभा होता, आणि पुढे त्यांची नात. ह्यांच्याही ते लक्षात आलं. चेहऱ्यावरून कळलं मला. हे रांगेतून बाहेर पडले. मला वाटलं, संपलं, आता हे गेटबाहेर जाणार आणि ही पोर आयुष्यभर पुरेल इतकी रडणार. मी माणसं ढकलत पुढे घुसले. पण हे बाहेर नाही गेले. तिच्याकडे गेले.

मितूने गळ्यातला पट्टा काढायला घेतला होता. "पप्पा, मला खरंच माहीत नव्हतं. मी काढते. नाही वाजवत मी, कधीच नाही वाजवत."

"थांब," हे म्हणाले.

तिला. तिला म्हणाले, मला नाही. मला तिथेच रडू फुटलं.

"आबांनी हलगी काढली ती कुणाच्या सांगण्यावरून नाही काढली," हे म्हणाले. "वाजवली दुसऱ्याच्या हुकमावर, पण काढली स्वतःच्या मनाने. आयुष्यात तोवर त्यांनी स्वतःच्या मनाने केलेली ती पहिली गोष्ट. आता तू माझ्या तोंडाकडे बघून काढलीस तर काय फरक राहिला? मी काही सांगणार नाही. तू ठरव."

मागे रेशमी कुर्त्यातला कुणीतरी घड्याळ बघून चुकचुकला. मितूने मनगटाने डोळे पुसले, पट्टा परत गळ्यात नीट केला आणि उन्मेषला म्हणाली, "सर, पाहुण्यांना आधी आत जाऊन बसू द्या. आम्ही कुणाच्या पुढे चालत येणार नाही. आम्ही येऊ तेव्हा आमच्या मागे कुणी नसेल."

"अगं, पण कॅमेरे लावलेत..." तो म्हणाला. मग त्याने चौघींच्या तोंडाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. काय समजला कोण जाणे. "ठीक आहे. पण पटकन." पाहुणे कुरकुरत आत गेले. मारेतबाई नाही गेली. ती आपलं वाद्य घेऊन पोरींच्या शेजारी येऊन उभी राहिली. ह्यांनी खिशाचा गुलाब काढून त्या धावपळ करणाऱ्या मुलीच्या हातात दिला. "मी पाहुणा नाही, बाळ. वाजवणारीचा बाप आहे."

आम्ही आत जाऊन मधल्या खुर्च्यांवर बसलो. थोड्या वेळाने पोरी आल्या. मागे रिकामा रस्ता आणि पुढे त्या चौघी, सोबत ती बाई. आणि मितूने पहिली काडी मारली. आई गं! एवढ्या वर्षांत मी तरी कुठे ऐकली होती हलगी एवढ्या जवळून? कानात नाही, बरगड्यांत वाजते ती. गिरणीच्या जुन्या भिंतींवरून आवाज परत यायचा आणि त्यावर पुढचा पडायचा. मधेच मारेतबाईचा जाड, खोल ठोका आणि तिचा बिनशब्दांचा आवाज. पोरगी वाजवताना हसत होती. मला तिचा एवढा अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी बाईला मी सांगून टाकलं, ती मधली माझी.

हे हलत नव्हते. एरवी कुठेही ताल लागला की ह्यांची बोटं मांडीवर चालू. त्या दिवशी दोन्ही हात गुडघ्यांवर पडलेले. मला भीती वाटली. "अहो," मी म्हटलं, "बरं आहे ना?"

"गिरणीत आबांच्या गावची माणसं भेटायची," ते स्टेजकडे बघतच म्हणाले. "ती म्हणायची, कुशाबासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. आबा लगेच तिथून उठून जायचे."

"मग?"

"मी त्यांना कधी ऐकलंच नाही गं. एकदासुद्धा नाही. त्यांनी टाकली ते बरोबर केलं, कुणीही विचारलं तर मी आजही हेच सांगेन. पण मी माझ्या बापाला ऐकलं नाही, राधा."

आणि तो माणूस, आबांच्या मयतीला ज्याने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, तो तिथे भरल्या लोकांत, कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडायला लागला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. स्टेजवरून मितूने आमच्याकडे बघितलं, आणि ती वाजवत राहिली.